डिझेल गाड्या काढून विजेच्या हायस्पीड गाड्या आणायचा कायदा भारतात आहे का? खान्देशात अशी गाडी येईल का?

असा कायदा आपल्याकडे नाही, आणि डिझेल घालवायला तो लागलाही नाही. अमेरिकेत अशी विधेयकं येतात, पण तिकडे ‘डिझेल हटवा’ आणि ‘हायस्पीड आणा’ या दोन मागण्या बरेचदा एकाच गाठोड्यात येतात. खासदार सेथ मोल्टन यांच्या विधेयकात हायस्पीड रेल्वेसाठी पाच वर्षांत 205 अब्ज डॉलर मागितले होते. ते मंजूर झालं नाही. कॅलिफोर्नियात 2008 साली लोकांनी मतदान करून सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हायस्पीडसाठी कर्जरोख्यांना मंजुरी दिली, प्रवास 2 तास 40 मिनिटांत व्हायला हवा हेसुद्धा कायद्यात लिहून ठेवलं. ती गाडी अजून धावायची आहे. त्याच राज्यात सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या जुन्या रुळांवर विजेच्या तारा टाकल्या आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या लोकल विजेवर धावायला लागल्या.

आपल्याकडे हा दुसरा रस्ता धरला गेला. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ब्रॉडगेजच्या उरलेल्या 13,675 किलोमीटर मार्गाच्या विद्युतीकरणाला मंजुरी दिली, अंदाजे खर्च 12,134 कोटी. त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला नाही. भुसावळकरांना तर यात नवल वाटायचं कारणच नाही. मेन लाइनवर तार येऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, विजेच्या इंजिनांची शेड आणि पीओएच (इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीचा कारखाना) दोन्ही गावातच.

फरक दिसला तो चाळीसगाव-धुळे या आडलाइनीवर. पूर्वी पॅसेंजर धुळ्याला पोचली की इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं, जोडायचं, ब्रेक तपासायचे आणि मग परतीची तयारी. डिसेंबर 2021 मध्ये मेमू, म्हणजे वेगळं इंजिन न लागणारी विजेची गाडी, आली. तिला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते. ड्रायव्हर जेवणाचा डबा उचलतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, झालं. छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटरच्या लाइनीवर अप-डाऊन करणाऱ्याला याचा उपयोग बुलेट ट्रेनच्या ताशी 320 किलोमीटर वेगापेक्षा जास्त.

हायस्पीडचं सगळंच वेगळं. बुलेट ट्रेनचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1435 मिलिमीटर, आपला 1676. म्हणजे ती डिझेल गाडीच्या जागी येऊच शकत नाही. तिला स्वतःचा मार्ग लागतो, आणि मार्गाला जमीन. कायदा आडवा येतो तो इथे, 2013 चा भूसंपादन कायदा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन 2017 ला झालं आणि पुढे पालघरच्या जमिनी घ्यायला विरोध झाला, काम रखडलं. मुंबई-नागपूर हायस्पीडचा जो मार्ग आखला गेला तो समृद्धी महामार्गाच्या अंगाने, नाशिक, शिर्डी, संभाजीनगर, जालना असा. जळगाव, भुसावळ, धुळे त्यात नाहीत. तेव्हा उगाच वाट बघू नका.

जपानने 1970 मध्ये शिंकानसेनच्या, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनच्या, जाळ्यासाठी खास कायदा केला. त्याचं कौतुक सगळे करतात, पण त्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. नवी शिंकानसेन झाली की तिला समांतर असलेली जुनी लाइन बऱ्याच ठिकाणी मोठी रेल्वे कंपनी सोडून देते आणि ती स्थानिक सरकारांच्या गळ्यात पडते. क्युशू बेटावर 2004 मध्ये असंच झालं. तिथल्या हिसात्सू ऑरेंज रेल्वेच्या डोक्यावर विजेची तार आहे, मालगाड्या त्यावर चालतात, पण प्रवासी गाड्या डिझेलच्या! एक-दोन डब्यांच्या गाडीला डिझेल स्वस्त पडतं म्हणून. हायस्पीड आली आणि तिच्या शेजारी डिझेल परतलं. कायद्यात ‘हायस्पीड’ लिहिलं म्हणजे गावच्या गाडीचं भलं झालं, असं मी का मानत नाही ते यावरून कळेल.

आणि डिझेल हटण्याचं आपलं उदाहरण हवं असेल तर पाचोरा-जामनेरची पी.जे. बघा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती डिझेलवरची नॅरोगेज गाडी थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायला मंजुरी आहे, पण तोवर शेंदुर्णी-पहूरच्या माणसाला एसटी नाहीतर काळीपिवळी. मनमाड-इंदूरच्या 309 किलोमीटर लाइनीला सप्टेंबर 2024 मध्ये 18,036 कोटींची मंजुरी मिळाली. धुळे, शिरपूर त्यावर येतात. खासदारांना पत्र लिहिणार असाल तर भाऊ, बुलेट ट्रेनचं लिहू नका. या दोन कामांसाठी किती जमीन ताब्यात आली आणि यंदाच्या बजेटमधला किती पैसा खर्च झाला, एवढंच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.