प्रत्यर्पण की प्रत्यार्पण, आणि 'डिपेंडंट'चं काय करायचं?

एका मित्राने भाषांतर करताना अडलं म्हणून विचारलंय. वाक्य साधारण असं, की राष्ट्रकुलातल्या (म्हणजे ब्रिटन आणि बहुतेक त्याच्या जुन्या वसाहती यांच्या संघटनेतल्या) एक्स्ट्रडिशनच्या, म्हणजे पळून आलेला आरोपी त्याच्या देशाच्या ताब्यात देण्याच्या, व्यवस्थेचा फेरविचार चाललाय आणि त्याबद्दल ब्रिटनने आपल्या डिपेंडंट टेरिटरीजना कन्सल्ट केलं. त्याने लिहिलंय 'परावलंबी प्रदेशांचा सल्ला घेतला', आणि पुढे प्रत्यार्पण लिहू की प्रत्यर्पण असा प्रश्न.

स्पेलिंगचं आधी उरकून टाकू. प्रति अधिक अर्पण, म्हणजे प्रत्यर्पण, काना नाही. प्रत्यारोप आणि प्रत्यारोपण यांच्यात मुळातच आरोप, आरोपण असा 'आ' आहे, त्यांच्या संगतीने हा बिघडला, जसं अत्याचार बघून लोक अत्याधिक लिहितात तसं. पेपरात सर्रास प्रत्यार्पण येतं, मी काना काढतो पण त्यावरून भांडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या आतल्या आत माणूस धाडायचा तर त्याला एक्स्ट्रडिशन म्हणतच नसत, ते परक्या देशाशी, त्याचा कायदा १८७० चा. घरातल्या घरात १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा. आपल्याला हे सावरकरांमुळे माहीत असायला हवं, १९१० मध्ये त्यांना लंडनला पकडलं ते या १८८१ च्याच कायद्याखाली, कारण लंडन काय आणि मुंबई काय, राज्य एकाचंच. मार्सेलला उडी मारून फ्रान्सच्या जमिनीला पाय लागले तेव्हा कुठे तो दोन देशांमधला मामला झाला आणि हेगच्या लवादापर्यंत गेला (१९११ मध्ये लवाद म्हणाला, सावरकरांना फ्रान्सकडे परत द्यायला ब्रिटन बांधील नाही). पुढे १९६६ मध्ये राष्ट्रकुलाच्या कायदेमंत्र्यांनी लंडनला नवी योजना ठरवली, तिच्याही नावात फरारी गुन्हेगारच होते, एक्स्ट्रडिशन नव्हतं. आपल्या १९६२ च्या कायद्याचं नाव प्रत्यर्पणाचं, पण त्यातसुद्धा सुरुवातीला राष्ट्रकुलातल्या देशांसाठी वेगळं प्रकरण (चॅप्टर) होतं. म्हणून मजकूर जुना असेल तर मी 'फरारी गुन्हेगार ताब्यात देणे' असं सरळ लिहीन, नवा असेल तर प्रत्यर्पण.

आता परावलंबी. हा शब्द मला अजिबात पटत नाही, आजारी म्हाताऱ्याबद्दल बोलल्यासारखं वाटतं. बर्म्युडाची विधानसभा १६२० पासून आहे, तिला परावलंबी कसं म्हणणार? आश्रित म्हटलं की वाड्यात कोपऱ्यात राहणारा लांबचा नातेवाईक डोळ्यापुढे येतो. मांडलिक म्हणावं तर त्याला स्वतःचा राजा लागतो, इथे गव्हर्नर. वसाहत शब्द खरं तर बरोबर होता, पण आता औद्योगिक वसाहत आणि पोलीस वसाहतीने तो पळवलाय. मी 'अंकित प्रदेश' घेईन, घरचा कारभार त्यांचा पण परराष्ट्र आणि संरक्षण लंडनकडे, हे त्यात बरोबर बसतं. जिब्राल्टर, केमन बेटं, १९९७ पर्यंत हाँगकाँग, सगळे त्यात येतात. २००२ नंतरचा मजकूर असेल तर मात्र 'सागरपार प्रदेश' करावं लागेल कारण ब्रिटनने कायद्यातलं नावच बदललं. (पोर्तुगालने १९५१ मध्येच गोव्याला वसाहतीऐवजी सागरपार प्रांत करून टाकलं होतं, नाव बदललं, गव्हर्नर जनरल तोच!)

आणि 'सल्ला घेतला' तर नकोच. सल्ला आपण डॉक्टरचा घेतो, वकिलाचा घेतो, म्हणजे समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं म्हणून. इथे ठरवणार लंडन, कायदा त्या प्रदेशाला लागू करायचा हुकूम निघणार लंडनहून, फक्त त्याआधी तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा असं पत्र जाणार. आपल्या सरकारी मराठीत याला नेमका शब्द आहे, अभिप्राय मागवणे. मागवला म्हणजे मानलाच पाहिजे असं नाही, हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

तर माझं वाक्य: 'राष्ट्रकुलातील प्रत्यर्पण व्यवस्थेच्या फेरविचाराबाबत ब्रिटनने आपल्या अंकित प्रदेशांचे अभिप्राय मागवले.' राष्ट्रकुलच हं, राष्ट्रसंघ नको, ती पहिल्या महायुद्धानंतरची वेगळी संस्था.