थंडीने करपलेल्या झाडांची छाटणी केव्हा करावी?

प्रश्न : गेल्या आठवड्यात एकाच रात्रीच्या कडाक्याच्या थंडीने बागेतील जास्वंदीची पाने काळवंडली आणि लिंबाच्या कलमाचे कोवळे शेंडे करपून गेले. करपलेल्या फांद्या लगेच छाटाव्यात का? उरलेल्या झाडांवर प्लॅस्टिकचा कागद घातला तर चालेल का?

उत्तर : फांद्या सध्या मुळीच छाटू नयेत. करपलेला भाग डोळ्यांना खुपतो हे खरे. पण आतल्या फांद्यांना त्याचाच थोडाफार आडोसा मिळतो. शिवाय छाटणीमुळे नवी फूट येण्याची शक्यता असते आणि थंडीची पुढची लाट आली, की ती कोवळी फूट सर्वांत आधी जळते. थंडी पूर्ण सरून नवी पालवी दिसू लागली, की फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडा भाग लागल्यास हिरवा थर दिसेपर्यंत खाली येत जावे आणि तेथे काप घ्यावा. लिंबाच्या बाबतीत कलमाच्या जोडाखालून येणारी फूट मात्र काढून टाकावी, कारण ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची असते.

पांघरुणासाठी प्लॅस्टिकपेक्षा गोणपाट किंवा जुनी चादर बरी, कारण प्लॅस्टिक पानांना चिकटते तेथे पाने हमखास करपतात. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीतली ऊब झपाट्याने वर निघून जाते. ती झाडाभोवती अडवून धरणे हेच पांघरुणाचे काम असल्याने ते चारही बाजूंनी जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे. ते बुंध्याशी आवळून बांधले, तर खालून येणारी ऊब बाहेरच राहते. काठ्या रोवून त्यांवर कापड टाकावे आणि ऊन वर आले की काढावे.

सर्वांत सोपा आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित उपाय पाण्याचा आहे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठवते, म्हणून थंडीची लाट येण्याआधी आळ्यात पाणी द्यावे. चिखल मात्र होऊ देऊ नये. सदाहरित झुडपांच्या पानांतून हिवाळ्यातही पाणी उडत असते, त्यामुळे त्यांना या पाण्याची विशेष गरज असते. आळ्यात पालापाचोळ्याचे 5 ते 10 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे, पण ते बुंध्याला टेकू देऊ नये, अन्यथा साल कुजते. नत्रयुक्त खत नवी पालवी फुटेपर्यंत देऊ नये.