पुण्याहून एका दिवसात भिगवणचे पक्षी बघून होतात का? लेन्स कोणती न्यावी?

होतात. पहाटे साडेचारला निघा, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर आहे. उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठाला लागाल. लेन्सचं मला विचारू नका. दुर्बीण न्या, ८ बाय ४२ ची पुरते.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझा मेव्हणा गेलो होतो. उजनी धरणाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता आणि त्यात दोनेकशे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. माना खाली, चोची उलट्या, पायांनी गाळ ढवळत चरत होते. होडीवाल्या मामांनी आपणहून लांबच बांबू रोवला. धुक्यात फक्त रोहितांचा कलकलाट ऐकू येत होता. इतका शांत मी कधीच बसलो नसेन.

तेवढ्यात मेव्हणा म्हणाला, "मामा, पुढे घ्या, उडवा त्यांना. पंखांतला लाल रंग यायला हवा." मामा नको म्हणाले. त्याने दोनशे रुपये जास्त देऊ केले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो.

अख्खा थवा पाण्यावरून धावत उठला. हा पक्षी जड, धाव घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही. लांब जाऊन उतरले ते माना वर करूनच उभे, आम्ही परत फिरेपर्यंत एकानेही चोच पाण्यात घातली नाही. तो फोटो आज त्याच्या दिवाणखान्यात आहे. जेवायला गेलो की समोर येतो.

तो अजूनही म्हणतो, दोन मिनिटं उडाले तर बिघडलं काय? बिघडतं. त्या रविवारी पाण्यात सतरा होड्या होत्या, मी मोजल्या होत्या. प्रत्येकीने दोन-दोन मिनिटं उडवलं तर त्यांनी खायचं कधी? पट्टकदंब हंस तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. परतीची ताकद त्यांना इथल्याच चाऱ्यावर कमवायची असते. मामांना जास्तीचे पैसे जरूर द्या, पण होडी लांब थांबवल्याबद्दल द्या.

सगळे फोटोवाले असे नसतात, तासन्‌तास हालचाल न करता बसणारेही पाहिलेत. आणि हो, पाऊस जोरदार होऊन धरण तुडुंब असेल तर डिसेंबरात रोहितांच्या आशेवर जाऊ नका. त्यांना उथळ पाणी लागतं, जानेवारी सरताना जा. जेवणाचं होडीवाल्यांकडेच आधी सांगून ठेवा, चिलापी मासळी ताजी मिळते.