शुद्धता ९७ टक्के, मग वजन किती घ्यायचं?

प्रश्न : सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.५ मोलर द्रावण २५० मिली करायचं होतं. बाटलीवर शुद्धता ९७ टक्के. मी ५ ग्रॅममध्ये ३ टक्के वाढवून ५.१५ ग्रॅम घेतले. मैत्रीण म्हणते, वाढवायचं नसतं, भागायचं असतं. पण उत्तर तर तेच येतं! (बी.एस्सी. विद्यार्थिनी, सोलापूर)

मैत्रिणीचं बरोबर आहे. आधी शुद्ध पदार्थ किती लागेल ते काढा : ०.५ (मोलर, म्हणजे दर लिटरमागे मोल) × ०.२५ (लिटर) × ४० (रेणुभार, म्हणजे एका मोलचे ग्रॅम) = ५ ग्रॅम. बाटलीतल्या दर १०० ग्रॅममध्ये कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ९७ ग्रॅमच आहे, म्हणून ५ ÷ ०.९७ = ५.१५५ ग्रॅम. शुद्धता शंभराच्या जवळ होती म्हणून तुमचं उत्तर जुळलं. पुढच्या प्रश्नात हीच रीत दगा देईल.

प्रश्न : आमच्या डायहाउसमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) सल्फर ब्लॅक या काळ्या रंगासाठी सोडियम सल्फाइडचे पिवळे फ्लेक्स येतात, ६० टक्क्यांचे. चाचणीसाठी ०.५ मोलर द्रावण एक लिटर हवं आहे. (लॅब असिस्टंट, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

सोडियम सल्फाइडचा रेणुभार ७८.०४, म्हणजे शुद्ध माल ३९.०२ ग्रॅम लागेल. त्याला ०.६० ने भागलं की ६५.०३ ग्रॅम. आता '४० टक्के कमी आहे ना, मग ४० टक्के जास्त टाकू' असं केलंत तर वजन भरेल ५४.६३ ग्रॅम आणि द्रावण होईल जेमतेम ०.४२ मोलर. चाचणीत छटा फिकी आली की सगळे रंगाच्या डब्याकडे बघतात. मला वाटतं, आधी वजनाची वही बघावी.

आणखी एक. या फ्लेक्समधला उरलेला भाग मुख्यतः स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) असतो आणि ६० टक्के हा आकडा पाणी सोडून धरलेल्या सल्फाइडचा आहे. त्यामुळे रेणुभारही बिनपाण्याचाच घ्यायचा. पाण्यासकटचा रेणुभार घेऊन वर पुन्हा ०.६० ने भागलं, तर पाण्याचा हिशेब दोनदा होतो. मोरचुदाचं उलटं असतं : बाटलीवर पाच रेणू पाण्यासकटचं सूत्र आणि ९८ टक्के असेल, तर रेणुभार २४९.७ घ्या, १५९.६ नको.

आणि हे फ्लेक्स आम्लाच्या कॅनशेजारी कधीही ठेवू नका. दोन्ही एकत्र आले तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्याने माणूस दगावतो.

प्रश्न : तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ३५ टक्के आहे. पण टक्के वजनाचे आणि आपण मोजतो मिलीत. मग?

घनता मधे आणायची. घनता १.१८, म्हणजे एक लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यात आम्ल ४१३ ग्रॅम. भागिले ३६.४६, म्हणजे सुमारे ११.३ मोलर. ५०० मिली १ मोलर द्रावणाला ४४ मिली पुरे. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नव्हे.

प्रश्न : कॉस्टिकची बाटली दोन वर्षांपूर्वी उघडलेली आहे. ९७ टक्केच धरायचे का?

नाही. तो आकडा सीलबंद मालाचा, आणि बहुतेकदा 'किमान' शुद्धतेचा. कॉस्टिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतं. पावसाळ्यात तर गोळ्या वजन करता करता बीकरला चिकटायला लागतात. अशा पदार्थाचं वजन चार दशांश स्थळांपर्यंत करण्यात अर्थ नाही. अंदाजे ०.१ मोलर द्रावण करा आणि टायट्रेशनने (ताकद माहीत असलेल्या द्रावणाशी मोजून अभिक्रिया करून) खरी ताकद काढा. ऑक्झॅलिक आम्लाचे शुद्ध स्फटिक (रेणुभार १२६.०७) १.५७६ ग्रॅम घेऊन २५० मिली केले की ०.०५ मोलर द्रावण मिळतं. त्याचे १० मिली फ्लास्कमध्ये, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक), ब्युरेटमध्ये कॉस्टिक. ऑक्झॅलिकच्या एका रेणूला कॉस्टिकचे दोन लागतात, म्हणून १० × ०.०५ × २ = १. टिकणारा फिका गुलाबी रंग १०.४ मिलीला आला, तर तुमचं कॉस्टिक १ ÷ १०.४ = ०.०९६२ मोलर. बाटलीवर हाच आकडा लिहा, खाली तारीख घाला.

प्रश्न : सोलापूरच्या मे महिन्यात द्रावणाची मोलॅरिटी बदलते का?

बदलते, पण थोडी. २७ अंशांना खुणेपर्यंत भरलेलं विरळ द्रावण ४० अंशांना साधारण ०.४ टक्के फुगतं, तेवढीच मोलॅरिटी उतरते. त्याहून मोठी चूक होते ती कॉस्टिक विरघळताना तापलेलं द्रावण तसंच खुणेपर्यंत भरल्याने. ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग खूण गाठा.