‘डेथ नोट’ : पंचविसाव्या भागानंतर काय?

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत माझ्या अकरावीतील मुलाने आग्रहाने ‘डेथ नोट’ दाखवली. पूर्वार्धाने मला खिळवून ठेवले, उत्तरार्धाने मात्र निराश केले. दोष मालिकेचा की माझ्या वयाचा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वयाला दोष देऊ नका. २००६-०७ मध्ये प्रसारित झालेल्या या ३७ भागांच्या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे खरे बळ मृत्यूची वही हाती लागलेला हुशार विद्यार्थी लाइट आणि त्याचा माग काढणारा गुप्तहेर एल यांच्या बौद्धिक झुंजीत आहे. वहीत नाव लिहिताच माणूस मरतो, ही कल्पना भीतिदायक असली, तरी तिला बळीचा चेहरा माहीत असण्याच्या आणि नाव लिहिल्यावर चाळीस सेकंदांनी मृत्यू येण्याच्या नियमांनी जखडल्यामुळे प्रत्येक डावाला तर्काची शिस्त येते. खोलीत छुपे कॅमेरे असताना वेफर्सच्या पाकिटात लपवलेल्या इवल्याशा टीव्हीवर बातम्या पाहत लाइट नावे लिहितो, तो प्रसंग आठवा, वेफर खाण्याला एवढे युद्धगांभीर्य (काहीसे हास्यास्पदही!) क्वचितच लाभले असेल.

पंचविसाव्या भागात एल मरतो आणि तोल जातो. त्याची जागा घेणारे निअर आणि मेलो हे एकाच बुद्धीचे दोन तुकडे वाटतात, शिवाय मूळ चित्रकथेतील बराच भाग येथे घाईने उरकला आहे. मला अधिक खटकते ती मिसा : स्वतः मृत्यूची वही बाळगणारी ही तरुणी लाइटच्या हातातले बाहुलेच राहते. शेवटच्या भागातील लाइटची केविलवाणी धावपळ मात्र मला प्रामाणिक वाटली. तेवढ्यासाठी तो भाग मुलासोबत पुन्हा पाहावा.