वाचकांचे प्रश्न : सर्व्हरच्या नोंदी गाळताना आणि मोजताना

प्रश्न : आमचे पुस्तकविक्रीचे संकेतस्थळ असून त्याच्या सर्व्हरचे लॉग, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या नोंदी, आम्ही स्प्लंक या नोंदी शोधण्या-मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. सर्वाधिक खरेदी करणारा ग्राहक कोण, हे पाहण्यासाठी आयपी पत्त्याच्या फील्डवर (नोंदीतील रकान्यावर) ‘टॉप’ ही आज्ञा चालवली, तर ज्याच्याकडून एकही ऑर्डर आलेली नाही असा पत्ता पहिल्या क्रमांकावर आला. असे का व्हावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आकडा खरा आहे, पण तो आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही. न गाळलेल्या लॉगवर ‘टॉप’ चालवल्यास सर्वाधिक विनंत्या कोणी पाठवल्या, एवढेच कळते. आणि एक पान उघडताना त्यातील चित्रे, स्टाइलच्या व स्क्रिप्टच्या फाइली अशा प्रत्येक गोष्टीसाठी लॉगमध्ये स्वतंत्र ओळ पडत असल्याने, केवळ चाळून जाणारा पाहुणा किंवा एखादा बॉट खऱ्या ग्राहकाच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून पाइपच्या (आज्ञा जोडणाऱ्या उभ्या रेषेच्या) डावीकडे आधी गाळणी हवी : स्टेटस २०० (म्हणजे विनंती यशस्वी) असलेल्या आणि ज्यांच्यातील पानाच्या पत्त्यात ‘अ‍ॅक्शन’ची किंमत, म्हणजे त्या फील्डमध्ये भरलेले मूल्य, खरेदी अशी आहे, अशाच नोंदी. दोन अटी शेजारी लिहिल्या की स्प्लंक त्यांच्यात ‘अँड’ गृहीत धरतो; ‘ऑर’ आणि ‘नॉट’ मात्र मोठ्या रोमन अक्षरांतच लिहावे लागतात, नाहीतर ते शोधायचे साधे शब्द ठरतात. फील्डच्या नावातही लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळला जातो, किमतीत तो पाळला जात नाही.

नकारार्थी अट लिहिताना विशेष काळजी घ्यावी. ‘स्टेटस २०० नसलेल्या’ नोंदी ‘बरोबर नाही’ या चिन्हाने मागवल्या, तर ज्यांच्यात स्टेटसचे फील्ड आहे पण किंमत वेगळी आहे, अशाच नोंदी येतात. तीच अट ‘नॉट’ने लिहिली, तर ते फील्डच नसलेल्या, म्हणजे तुटक्या किंवा नीट वाचता न आलेल्या नोंदीही येतात. बिघाड शोधताना दुसरे रूप उपयोगी पडते, क्रमवारी लावताना पहिले.

‘टॉप’ काही न सांगता पहिल्या दहाच किमती देतो आणि सोबत संख्या व टक्केवारी जोडतो. ही टक्केवारी गाळून उरलेल्या नोंदींतील असते, एकूण रहदारीतील नव्हे. अहवालात ती उतरवताना हे स्पष्ट लिहावे. मर्यादा एकवर आणली आणि दोन ग्राहकांची संख्या समान असली, तर त्यांतला एकच दिसेल, म्हणून सुरुवातीला चार-पाच ओळी पाहणे शहाणपणाचे. ‘टॉप’ऐवजी ‘स्टॅट्स’ने मोजून मग ‘सॉर्ट’ आणि ‘हेड’ वापरणार असाल, तर हाच क्रम पाळा. स्प्लंक नोंदी नव्याकडून जुन्याकडे देत असल्याने ‘हेड’ आधी लिहिल्यास फक्त सर्वांत ताज्या दहा नोंदी उरतात आणि पुढे क्रमवारी लागते ती त्या दहांचीच. निकालाचा तक्ता व्यवस्थित दिसत असल्याने ही चूक सहज लक्षातही येत नाही.

त्या ग्राहकाने कोणती पुस्तके घेतली, हे त्याच क्वेरीत हवे असल्यास चौकटी कंसात सबसर्च लिहावा. आतला शोध आधी चालून पहिल्या क्रमांकाचा पत्ता काढतो आणि बाहेरचा शोध फक्त त्या पत्त्याच्या खरेदीच्या नोंदी आणतो. मात्र आतल्या ‘टॉप’ने जोडलेले संख्येचे व टक्केवारीचे स्तंभ ‘टेबल’ किंवा ‘फील्ड्स’ वापरून तिथेच गाळून टाका. ते राहिले तर बाहेरचा शोध त्यांनाही अटी समजतो, आणि तशी नोंद मुळात नसल्याने निकाल कोरा येतो.

एवढे करूनही आयपी पत्ता म्हणजे ग्राहक नव्हे. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून इंटरनेटवर सोडतात; शिवाय आपल्या संकेतस्थळापुढे सीडीएन (पाने वाचकांपर्यंत पोचवणारे मधल्या सर्व्हरचे जाळे) असेल, तर लॉगमध्ये पाहुण्याचा नव्हे, त्या मधल्या सर्व्हरचाच पत्ता पडतो. सीडीएनने हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) पुढे पाठवलेला मूळ पत्ता लॉगमध्ये लिहून घेता येतो, पण तो हेडर कोणालाही खोटा बनवता येत असल्याने विनंती खरोखर आपल्या सीडीएनकडून आली असेल तेव्हाच त्यावर विसंबावे. माझ्या मते खरेदीची क्रमवारी पत्त्यावर लावूच नये. लॉगमध्ये ऑर्डरचा क्रमांक आणि ग्राहकाच्या खात्याचा क्रमांक येत असेल, तर प्रत्येक खात्यामागे वेगवेगळे ऑर्डर क्रमांक किती, हे मोजावे. कोणी शेवटचे पान पुन्हा ताजे केले म्हणून एकाच खरेदीच्या दोन होणे त्याने टळते.

प्रश्न : आमच्या साहित्यसंस्थेचे संकेतस्थळ लहानशा लिनक्स सर्व्हरवर एन्जिनएक्स या वेब-सर्व्हर प्रोग्रामने चालते. ‘सापडले नाही’ अशी ४०४ची उत्तरे कोणत्या पानांना सर्वाधिक मिळतात, हे ग्रेप (शब्द असलेल्या ओळी शोधणारी) आणि युनिक (सारख्या ओळी एकत्र करून मोजणारी) या आज्ञा वापरून मोजले. यादीत एकच पान अनेकदा येते, ९ हा आकडा १००च्या वर बसतो, आणि मराठी शब्द शोधला तर काहीच सापडत नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या दोन अडचणी लवकर सुटतील. ‘युनिक’ फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र करतो, त्यामुळे मोजण्याआधी ‘सॉर्ट’ हवाच. आणि मोजल्यानंतर दुसऱ्यांदा ‘सॉर्ट’ करताना आकड्यांप्रमाणे व उलट क्रमाने असे दोन्ही पर्याय द्यावेत, कारण एरवी तो आकड्यांनाही अक्षरे समजून लावतो. ‘ग्रेप’ने ४०४ शोधू नका, कारण हे तीन अंक एखाद्या फाइलच्या आकारात किंवा पानाच्या पत्त्यातही असू शकतात. ‘ऑक’ या स्तंभ वेगळे करणाऱ्या आज्ञेने ओळ रिकाम्या जागांवर तोडली, तर लॉगच्या ओळीच्या नेहमीच्या ‘कंबाइन्ड’ नमुन्यात नववा स्तंभ स्टेटसचा आणि सातवा पानाचा असतो, नववा ४०४ असेल तेव्हाच सातवा छापा. वेड्यावाकड्या विनंत्यांच्या ओळीत हे स्तंभ सरकतात, पण अशा ओळींची आपल्याला या कामी गरज नाही.

मराठीची अडचण मुळातली आहे. ब्राउझर देवनागरी पत्ता जसाच्या तसा पाठवत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंक-अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हामागे नऊ खुणा. ‘मराठी’ या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच चिन्हे असल्याने लॉगमध्ये तो ४५ खुणांचा होतो, आणि ‘मराठी’ शोधणाऱ्या ग्रेपला तो दिसणे शक्यच नसते. यावर उपाय म्हणजे लॉगमधील पानांचे पत्ते आधी पायथनसारख्या भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टमधून उलगडून घ्यावेत व मग शोधावे, मोजावे. न उलगडता मोजल्यास आणखी एक फसगत होते : याच खुणा काही प्रोग्राम मोठ्या रोमन अक्षरांत लिहितात, काही लहान; पान तेच, पण ‘युनिक’च्या लेखी दोन.

उलगडल्यावरही काम संपत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ऱ दोन प्रकारे टंकता येतो : त्यासाठी असलेले स्वतंत्र चिन्ह वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यानंतर न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. लेखकाने एका कळफलकावर टंकलेला पत्ता आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर टंकून दिलेला दुवा जुळत नाही, आणि अस्तित्वात असलेल्या पानासाठी ४०४ मिळत राहते. अशी प्रकरणे आपल्या यादीत निघण्याची दाट शक्यता आहे. मोजण्यापूर्वी स्क्रिप्टमध्येच दोन्ही रूपांचे एक रूप करून घ्यावे, पण मूळ रूपही शेजारी ठेवावे, कारण दुरुस्ती त्यावरूनच होईल. प्रश्नचिन्हापासूनचा पुढचा भागही मोजण्याआधी कापावा, म्हणजे जाहिरातींच्या खुणा चिकटलेले पत्ते एकाच पानात जमा होतील.

यानंतर यादी पाहिल्यावर वरच्या बऱ्याच जागा आपल्याकडे कधीच नसलेल्या पानांनी, वर्डप्रेसच्या लॉगिनने किंवा गुप्त सेटिंगच्या फाइलींनी अडवलेल्या दिसतील. ते यंत्रांचे चाचपणे आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते वेगळे पाहावे, या यादीतून काढावे. त्यासाठी चांगली गाळणी रेफररची, म्हणजे वाचक ज्या पानावरून आला त्या फील्डची : ज्या ४०४ नोंदींत आधीचे पान आपल्याच संकेतस्थळाचे आहे, ते आपले तुटलेले दुवे, आणि ते आजच दुरुस्त करावेत. बाहेरच्या संकेतस्थळांवरून आलेल्यांत हल्लीचे ब्राउझर सहसा फक्त त्या स्थळाचे मूळ नाव कळवतात, नेमके पान नाही. तिथे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ने (‘पान कायमचे हलले’ या उत्तराने) वळवणे, एवढेच आपल्या हाती असते.

प्रश्न : सर्वांत संथ पानांची यादी सरासरी वेळेनुसार लावली, तर कोणी फारसे न उघडणारी पाने वर येतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : यादीत येण्यासाठी किमान विनंत्यांची अट घाला आणि सरासरीऐवजी ९५ टक्के विनंत्या किती वेळात पूर्ण झाल्या, त्या आकड्यावर क्रम लावा, एखाद-दुसरी अडकलेली विनंती सरासरीला भलतीकडे ओढते. एकूण लागलेला वेळ, म्हणजे पानाच्या सर्व विनंत्यांच्या वेळांची बेरीज, हाही एक क्रम लावून पाहा. सर्व्हरवर खरा भार टाकणारी पाने त्यात वर येतात, मग ती एकेकटी पाहता वेगवान का असेनात. लॉगमध्ये वेळ नोंदवली जाते ना, हे आधी तपासा. एन्जिनएक्स व अपाची (तसाच दुसरा वेब-सर्व्हर) यांच्या कंबाइन्ड नमुन्यात ती नसते, मुद्दाम जोडावी लागते. आणि जोडताना एकक पाहावे, कारण एन्जिनएक्सच्या वेळेचे फील्ड सेकंदांत असते, तर अपाचीत या कामासाठी नेहमी वापरली जाणारी खूण मायक्रोसेकंदांत आकडा देते. दोन्ही सर्व्हर वापरत असाल, तर एक एकक केल्याशिवाय त्यांचे आकडे एका यादीत घालू नका.