घर बघायचं ते आषाढात

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पुण्यात वाकडला वन बीएचके बघून आलीस, रविवारी टोकन द्यायचं आहे, आणि त्याआधी "सर, तुम्हाला काय वाटतं?" बँकेत माझ्या हाताखाली होतीस तेव्हाही कर्जाची फाईल पुढे सरकवताना असंच विचारायचीस आणि मी "बघू" म्हणायचो. आता निवृत्त झालो, सही करायची नाही, त्यामुळे सरळ सांगतो. टोकन देऊ नकोस. फोंड्याला परत ये. आल्या आल्या इथेही घर घेऊ नकोस. एक पावसाळा भाड्याने राहा आणि मग घे.

तुझी कंपनी महिन्यातून एकदा तोंड दाखवायला बोलावते, बाकीचं काम घरूनच, असं तूच लिहिलंस. मग वाकड कशासाठी? उद्या हिंजवडीची नोकरी सोडून खराडीला गेलीस, तर त्याच शहरात राहून रोज दोन-तीन तास रस्त्यावर काढशील. घर हलवता येत नाही आणि नोकरी टिकेल याचा भरवसा नाही. फोंडा पडतं गोव्याच्या मध्यावर. पणजी तीसेक किलोमीटर, मडगाव वीसेक, कुंडई आणि मडकईच्या औद्योगिक वसाहती तर दारातच. नोकरी चार वेळा बदललीस तरी घर बदलावं लागणार नाही.

पुण्याच्या मैत्रिणी फोंड्याला शहर म्हटलं की हसतील. हसू देत. २०११च्या जनगणनेत अख्खा गोवा १४ लाख ५८ हजारांचा, त्यात पणजी ४० हजार आणि फोंडा पालिका २२ हजारांची. पण पालिकेची हद्द कागदावरची. कुर्टी, बांदोडे, कवळे, ढवळी हे सगळं आता एकाला एक लागलेलं आहे. फोंड्याच्या तिस्क नाक्यावर संध्याकाळी सहाला स्कूटर उभी करायला जागा शोध, मग सांग हे शहर आहे की गाव.

समुद्राकाठी घे असं तुला कोणीतरी सांगणारच. तिथे एक परीक्षा कर. जून महिन्यातल्या साध्या मंगळवारी रात्री आठ वाजता इमारतीखाली उभी राहा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोज. बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवलेले फ्लॅट असतात, वर्षातले अकरा महिने कुलूप. अशा सोसायटीत पंप बिघडला तर मीटिंगला माणसं जमत नाहीत, वर्गणीसाठी दिल्ली-बंगळुरूला फोन लावावे लागतात. फोंड्यातच दुर्गाभाटला किंवा खडपाबांधला त्याच वेळी उभी राहा. कुठे कुकरची शिट्टी, कुठे कुणाचा पेटीवर सा लावलेला, कुठे पोराला पाढ्यांवरून ओरडा. बिल्डर किमती सांगतो, दिवे सांगत नाही.

आता माझी फजिती ऐक. १९९४ साली मी पहिला फ्लॅट घेतला. बिल्डरचं नाव कशाला, गेला तो. डिसेंबरात बघितला, छान ऊन, गार वारा, भिंतींना नवा रंग. दुसऱ्यांच्या फायली तपासणारा मी, स्वतःच्या घराला ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याचा दाखला, आहे का हे विचारलंच नाही. ते नव्हतं, म्हणून वीजखातं आम्हाला स्वतंत्र मीटर देईना. तीन वर्षं बिल्डरच्या बांधकामाच्या मीटरवर काढली, तोही चढ्या दराने. आणि जून आला तेव्हा स्लॅब गळायला लागला. बायकोने हॉलमध्ये चार भांडी मांडली. टोपात थेंब पडला की टण्ण, कळशीत पडला की डुबुक. ती स्वयंपाकघरातून आवाज ऐकूनच सांगायची, "कळशी भरत आली, उचला." शेवटी सगळ्या बिऱ्हाडांनी पैसे काढून गच्चीवर पत्रे घातले. आज इथल्या बहुतेक इमारतींवर पत्र्यांचं दुसरं छप्पर दिसतं ते उगाच नाही.

म्हणून घर बघायचं ते आषाढात. दुपारी धो धो लागलेला असताना जा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि कपाटामागच्या भिंतीला हात लाव. ओल असेल तर तळवा सांगतो. संडासाच्या भिंतीची पलीकडची बाजू बघ. वरच्या मजल्यावरच्या माणसाला विचार, पत्रे आहेत का. तळमजल्यावर असशील तर पार्किंगमध्ये पाणी साचतं का, ते रखवालदाराला विचार. त्याला खोटं बोलून काही मिळायचं नाही. विहीर असलेल्या सोसायटीला माझ्या लेखी जास्त गुण. ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी आपल्याला जवळ, हे खरं. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली तेव्हा पणजीचे नळ कित्येक दिवस कोरडे होते आणि लोक विहिरी शोधत फिरत होते, बाहेर पाऊस कोसळत असताना.

कागदांचं तुला नव्याने काय सांगायचं, पण पुण्याची सवय लागली असेल म्हणून आठवण करून देतो. सातबारा इथे नाही, एक-चौदाचा उतारा. त्यातलं मालकाचं नाव सगळेच वाचतात, तू कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना वाच. तिथे कूळ किंवा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, निघाला तर जमीन विकणाऱ्याच्या हातात पूर्ण नाही असं समज. १९६४चा कूळ कायदा आणि १९७५चा मुंडकार कायदा त्यांच्या बाजूने उभे आहेत. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची, असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पायरीही चढू नकोस. जमीन बिगरशेती झाल्याची सनद, बोजा नसल्याचा नील एन्कम्ब्रन्स दाखला, रेराची नोंदणी, ऑक्युपन्सी, हे सगळं माग. घरपट्टीची पावती कोणी मालकीचा पुरावा म्हणून नाचवली तर चहा पिऊन ऊठ.

सगळ्यात जास्त फायली अडायच्या त्या सह्यांवर. गोव्यात नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा अर्धा वाटा धरतात, तिच्या सहीशिवाय विक्री होत नाही. जुन्या घरात तर आजोबा वारले की इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, होईपर्यंत भाऊ, बहिणी, त्यांचे नवरे-बायका, सगळेच वाटेकरी. त्यातला एक लंडनला, एक लिस्बनला. मी एका फाईलवर अकरा सह्या मोजल्या होत्या आणि बारावी येईपर्यंत घेणाऱ्याचं लग्न होऊन त्याला मूल झालं. हाच कायदा तुलाही लागू आहे बरं. लग्नाआधी वेगळा करार केला नाहीस तर तू आता घेतलेलं घरही लग्नानंतर दोघांचं सामायिक होईल. वाईट आहे असं मी म्हणत नाही, ठाऊक असू दे.

पैशांचं थोडक्यात. करार ५० लाखांचा धर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे ४० लाख कर्ज आणि १० लाख तुझे. मुद्रांक शुल्क, नोंदणी वेगळी, तीही तुझ्याच खिशातून. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३४,७०० रुपयांच्या आसपास. पहिल्या हप्त्यात २८ हजारांवर व्याज जातं आणि मुद्दल फिटतं जेमतेम ६,४०० रुपये. वीस वर्षांत नुसतं व्याज ४३ लाख. पाच-सहा वर्षांत विकून निघणार असशील तर हे गणित तुझ्या बाजूचं नाही, सरळ भाड्याने राहा. वाकडला तू पाच वर्षांच्या पुढे राहशील असं मला वाटत नाही. इथे राहशील. तुझी आई इथे आहे म्हणून नाही, तू पुण्यात असतानाही माघातल्या जत्रेच्या नाटकाला सुट्टी काढून येतेस म्हणून.

तोटे आहेतच. रेल्वे नाही, गाडी पकडायला मडगाव गाठावं लागतं. पणजीला रोज जायचं झालं तर भोमच्या अरुंद रस्त्यावर डोकं फिरेल. मोठं दुखणं निघालं तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळातच पळावं लागतं. रात्री दहानंतर कॉफी हवी असेल तर स्वतः करावी लागेल. आणि चार लोकांना तुझं लग्न का झालं नाही याची तुझ्यापेक्षा जास्त काळजी असेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दुर्गाभाटला एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे छोटी गॅलरी अशी जागा माझ्या माहितीत रिकामी होते आहे. अकरा महिन्यांचा करार, एक जूनपासून. मी काल जाऊन आलो. मागच्या भिंतीला थोडी ओल आहे, ते घरमालकिणीने स्वतःहून सांगितलं, म्हणून मला बाई आवडली. तिला शनिवारपर्यंत उत्तर हवं आहे. हो की नाही तेवढं कळव, डिपॉझिट मी देऊन ठेवतो. आणि येताना लांब दांड्याची छत्री आण. ती फोल्डिंगची इथे आठवडाभर टिकायची नाही.

तुझा,
सर